बांधावरचं शिसव: ओळख, फुटवा, रोप, राखण आणि कागद

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आमच्या सासऱ्यांची थोडी वरकस जमीन आहे. खाली भाताची खाचरं, वर नागली-वरईचा माळ, मधून दगडी बांध. २०१२ च्या पावसाळ्यात त्या बांधावर मी शिसवाची चाळीस रोपं लावली. रोपवाटिकेतून पावती घेऊन आणली होती, पावतीवर ‘शिसम’ लिहिलेलं होतं. पाणी घातलं, काट्या लावल्या, दोन उन्हाळे जपली. चौथ्या वर्षी शेजारच्या शेतातले बाबा गुरं घेऊन आले, बांधावर टेकले, एक पान खुडून बोटात फिरवलं आणि म्हणाले, “ताई, हे शिसव नव्हं. हे सडकेचं झाड. शिसव तुमच्या वरच्या मेरेला आहे. दरसाल तुमचा गडी कोयत्यानं तोडतो ना, ते.”

वर जाऊन पाहिलं. करवंदीच्या जाळीत गुडघ्याएवढे सहा-सात फुटवे होते. प्रत्येकाच्या बुडाशी जुन्या तोडीचे काळे खुंट, एकावर एक. कितीतरी वर्षं ते झाड दर पावसाळ्यात वर यायचं आणि दर वैशाखात आम्ही ते छाटून टाकायचो. विकत आणलेल्या रोपांवर चार वर्षं घालवली आणि फुकट उगवलेलं खरं झाड कोयत्याखाली जात होतं. म्हणून या लेखाचा क्रम नेहमीच्या लागवडीच्या माहितीसारखा नाही. नवीन रोप लावणं इथे मागे येईल. आधी जे उगवलंय ते ओळखायचं आणि वाचवायचं.

पान हातात घ्या

आपल्याकडे ‘शिसम’ या एका नावाखाली दोन झाडं विकली जातात. एक आपलं शिसव, म्हणजे काळं शिसव, शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. दुसरं शिसू, डालबर्जिया सिसू. शिसू मूळचं हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांकाठचं. ते भराभर वाढतं, कमी पाण्यात तग धरतं, म्हणून रस्त्याकडेला आणि कारखान्यांच्या आवारात सगळीकडे लावलेलं दिसतं. झाड वाईट नाही, लाकूडही चांगलं आहे. पण ते शिसव नाही आणि त्याला कुणी दुर्मिळही म्हणणार नाही.

फरक पानाच्या टोकात आहे. दोन्हींची पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका, समोरासमोर नसून एक इकडे एक तिकडे अशा. शिसवाला बहुधा पाच ते सात पर्णिका असतात. त्या रुंद, गोलसर, आणि टोक बोथट. कित्येकदा टोकाला बारीक खाच असते, जणू नखानं दाबलंय. शिसूला तीन ते पाच पर्णिका, आणि प्रत्येकीचं टोक पुढे ओढल्यासारखं निमुळतं. एकदा दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा, पुन्हा चूक होणार नाही. रोपवाटिकेत गेलात तर रोपाची उंची बघत बसू नका. वरची तीन-चार पूर्ण वाढलेली पानं बघा. टोक निमुळतं असेल तर परत फिरा.

आमच्या भागात आणखी एक गफलत होते, बिबळ्याची. त्याच्याही पर्णिका पाच-सात आणि टोकाला खाच. पण बिबळ्याच्या सालीला जखम झाली की लाल डिंक येतो, आणि त्याची शेंग गोल, चपटी, कडेला पंख असलेली, पापडीसारखी असते. शिसवाची शेंग लांबट, बोटभर, पातळ, तपकिरी, आत एक ते तीन बिया. बिबळा निघाला तर निराश होऊ नका. तेही जुनं मोलाचं झाड आहे आणि तेही कमी होत चाललंय. ठेवा.

शिसवाची साल राखाडी, तिचे पातळ वेडेवाकडे तुकडे सुटतात. कोवळ्या फुटव्यावर मात्र सालीवरून ओळखायला जाऊ नये.

हे झाड गेलं कुठे

जुन्या नाशकातल्या वाड्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना शिसव झाड म्हणून नव्हे, वस्तू म्हणून ठाऊक असतं. माझ्या माहेरी झोपाळ्याची पाटी शिसवी होती. उन्हाळ्यात दुपारी गाल टेकला की गार लागायची आणि काळ्यावर जांभळट रेघा दिसायच्या. पाट, चौरंग, देव्हारा, पेटीचं झाकण, सगळ्यांत ते असायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीवकामाचं भरगच्च फर्निचर बनायचं, त्याला परदेशात ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत. ते लाकूड हेच. ताजं कापल्यावर गुलाबासारखा मंद वास येतो म्हणून इंग्रजीत ‘रोजवुड’. गिटारीच्या पाठीला आणि पट्टीलाही ते वापरतात.

मागणी मोठी आणि वाढ अगदी सावकाश. सगळं तिथेच बिघडलं. सरळ, जाड झाडं आधी तोडली गेली. उरली वाकडी, दुफाट्याची. बी पडतं, रोप येतं, पण वणवा आणि चराई त्यातून काही वर येऊ देत नाहीत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे झाड ‘असुरक्षित’ गटात आहे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत डालबर्जिया हा जवळजवळ सगळा वंशच साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला आणि २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली.

आपल्या जिल्ह्यात कुठे लावावं

नाशिक जिल्हा पावसाच्या बाबतीत एक नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या घरात. शिसवाला साडेसातशेच्या पुढचा पाऊस मानवतो. म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि दिंडोरी-कळवणचा पश्चिम भाग हे त्याचं घर. पूर्वेकडे ओढ्याकाठी, विहिरीजवळ, सखल खोल मातीत ते जगतं, पण वाढ खुरटते. त्या बाजूच्या शेतकऱ्यांनी बांधासाठी कडुनिंब, अंजन पाहावं असं मला मनापासून वाटतं. झाडाला न झेपणाऱ्या जागी ते नुसती हौस म्हणून लावू नये.

माती खोल हवी आणि पाणी न तुंबणारी हवी. खालच्या खाचराचा बांध, जिथे श्रावणभर पाणी उभं असतं, तो सोडून द्या. काळ्या जमिनीतही येतं, निचरा असेल तर. नुसत्या कातळावर नको. सगळ्यात चांगली जागा म्हणजे माळ आणि खाचर यांच्या मधला उतार, जिथे वरची माती वाहून येऊन साचते. आमचे फुटवे नेमके तिथेच होते.

द्राक्षबागायतदारांनी एक ध्यानात घ्यावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली उत्तरेला पडते. त्यामुळे झाड आपल्या शेताच्या उत्तर बांधावर लावलं तर आपल्या वेलीवर सावली येत नाही. पण पलीकडे शेजाऱ्याचा प्लॉट असेल तर ती त्याच्यावर पडेल. पलीकडे नाला किंवा शिवरस्ता असेल तिथेच लावा. नाहीतर शेजाऱ्याशी आधी बोला आणि मग खड्डा घ्या.

पहिलं काम: फुटवा वाचवणं

शिसवाच्या मुळांना जखम झाली की त्या जागेवरून नवा कोंब वर येतो. नांगराचा फाळ लागला, बांधाचा दगड सरकला, पावसानं मूळ उघडं पडलं, की फुटवा. झाड तोडून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी त्याच्या मुळांवरून फुटवे येत राहिलेले मी पाहिलेत. आणि या फुटव्याला खाली तयार मूळ असतं. पिशवीतलं रोप जी उंची तीन वर्षांत गाठेल ती फुटवा एक-दीड वर्षात गाठतो. म्हणून तो पहिला.

ऑक्टोबरमध्ये, गवत पिवळं पडायच्या आत, बांधावरून एक फेरी मारा. त्या वेळी पान पूर्ण असतं आणि ओळख सोपी जाते. सापडलेल्या प्रत्येक फुटव्याजवळ बांबूची काठी रोवा आणि तिला लाल चिंधी बांधा. चिंधी स्वतःसाठी नाही, मेर साफ करणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला एकदा शेतात घेऊन जा, झाड दाखवा आणि सांगा की चिंधीच्या आसपास कोयता चालवायचा नाही. आमच्या गड्याला नुसतं तोंडी सांगितलं तेव्हा पहिल्या वर्षी दोन फुटवे गेले. चिंधी बांधल्यापासून एकही गेला नाही.

एका बुडातून चार-पाच कोंब आलेले असतात. सगळे ठेवले तर झुडूप होतं. पहिल्या पावसाळ्यात काहीच कापू नका. दुसऱ्या हिवाळ्यात सगळ्यात सरळ, जोमदार आणि जमिनीच्या अगदी लगत फुटलेला एक कोंब निवडा. उंच खुंटाच्या कडेवरून फुटलेला कोंब दिसायला दणकट दिसतो, पण खुंट कुजला की वाऱ्यानं फाटून पडतो. बाकीचे कोंब धारदार कात्रीनं तळातून काढा. नंतरही येत राहतील, वर्षातून एकदा काढत जा.

शेतात जुनं उभं शिसव असेल तर फुटवे मुद्दाम आणता येतात. मे महिन्याच्या शेवटी, खोडापासून सहा ते नऊ फुटांवर, एकाच बाजूला, चार-पाच फूट लांब आणि फूटभर खोल चर घ्या. चरात अंगठ्याएवढी जाड मुळं लागतील. त्यातली थोडी धारदार कोयत्यानं तोडा, थोड्यांची नुसती साल खरवडा. मनगटाएवढ्या मुळाला हात लावायचा नाही. मग चर माती आणि पाल्यानं भरून टाका. पाऊस लागला की त्या रेषेत कोंब दिसू लागतात. झाडाच्या चारही बाजूंनी चर घेण्याचा मोह आवरा. म्हाताऱ्या झाडाला ते सोसणार नाही.

फुटवा आहे तिथेच वाढू देणं उत्तम. हलवायचाच असेल तर घाई नको. या पावसाळ्यात मूळ झाडाच्या बाजूचं मूळ तोडून ठेवायचं आणि फुटवा जागेवरच राहू द्यायचा. वर्षभरात तो स्वतःची तंतुमुळं धरतो. पुढच्या पावसाळ्यात दोन्हीकडे वीतभर मुळाचा तुकडा ठेवून मातीसकट उचलायचा.

फुटव्यांना एकच मर्यादा आहे. एका झाडाचे सगळे फुटवे म्हणजे तेच एक झाड. रोग आला तर सगळ्यांवर सारखाच येणार. म्हणून बियांची रोपंही हवीत.

बी आणि रोप

शेंगा थंडीत पिकायला लागतात आणि मार्चपर्यंत झाडावर तपकिरी होऊन वाळतात. त्या आपोआप उकलत नाहीत, वाऱ्यानं अख्ख्या उडून जातात. म्हणून तपकिरी रंग चढला की लगेच गोळा कराव्यात. खाली जुनी ताडपत्री पसरून फांदी हलवली की पुरे, फांदी तोडायची गरज नाही. पायाखाली पडून महिना झालेल्या शेंगांना कीड लागलेली असते. शेंग उजेडात धरून पाहा. दाणा भरलेला असेल तर तिथे गडद, फुगीर ठिपका दिसतो.

बी एकाच झाडाचं घेऊ नका. पाच-सहा निरनिराळ्या झाडांचं घ्या आणि त्यातही सरळ खोडाच्या झाडांचं. रस्त्याजवळ हाताशी येतं म्हणून वाकड्या, बुटक्या झाडाचं बी सगळे गोळा करतात, आणि मग शिसव वाकडंच वाढतं म्हणून तक्रार करतात. राखीव जंगलातून बी आणायचं असेल तर वनरक्षकाला विचारून आणा. खासगी बांधावरच्या झाडांखाली हवं तेवढं मिळतं.

शेंगा दोन दिवस उन्हात वाळवून कात्रीनं एकेका दाण्याचे तुकडे करा. सोलत बसायचं कारण नाही. हे बी फार टिकत नाही, सहा महिन्यांत उगवण घसरते, तेव्हा त्याच उन्हाळ्यात पेरून टाका. तुकडे रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि सकाळी पेरा. उकळतं पाणी, आम्ल असले उपाय बाभळीच्या कठीण बियांसाठी ठीक आहेत. शिसवाचं बी त्यानं मरतं.

पिशवी निदान नऊ-दहा इंच उंच हवी, कारण मूळ लवकर खाली जातं. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. त्यात जुन्या शिसवाच्या बुडातली ओंजळभर माती मिसळा. शिसव शेंगवर्गातलं आहे, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीनं हवेतलं नत्र घेतं, आणि ते जिवाणू त्या मातीत असतात. बी एक सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. एका पिशवीत दोन. वर ५० टक्के सावलीची जाळी.

आठवडा ते तीन आठवड्यांत उगवण होते. पहिली पानं एकेरी आणि गोलसर असतात, संयुक्त पान नंतर येतं. तेव्हा ‘हे भलतंच काही उगवलं’ म्हणून उपटू नका. रोपं मरतात ती उन्हानं कमी आणि जास्त पाण्यानं जास्त. देठ जमिनीलगत काळं पडून रोप आडवं झालं की समजायचं पाणी जास्त होतंय. मी झारीनं सकाळी एकदाच पाणी देते, आणि मातीत बोट घालून ओल लागली तर तेही नाही.

त्याच पावसाळ्यात वीतभर रोप लावायची घाई बहुतेकांना होते. मी पूर्ण वर्ष थांबते आणि पुढच्या जूनमध्ये दीड-दोन फुटांचं रोप लावते. वर्षभरात पिशवी दोनदा उचलून बघायची. तळातून बाहेर आलेलं मूळ छाटायचं, नाहीतर ते आत गोल फिरतं आणि तसं झाड पुढे कधीच पाय रोवत नाही.

पिशव्या डोक्यावरून चढावर न्यायच्या नसतील तर वर्षभराच्या जाड रोपाचं खोड जमिनीपासून दोन बोटांवर छाटायचं, मूळ वीतभर ठेवून बाजूची तंतुमुळं काढायची, आणि ती कांडी ओल्या गोणपाटात गुंडाळून शेतात न्यायची. पहारीनं भोक पाडून लावली की चांगली फुटते. सागाचे ‘स्टंप’ लावतात तसंच.

लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्यायचे. बांधावर दोन झाडांत पंधरा ते वीस फूट. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती हातभर ओली झाली की लावायचं. घाटमाथ्याला मी जुलैची झड लागायच्या आधीच काम उरकते. झडीत लावलेल्या रोपाभोवती चिखल बसतो आणि मूळ गुदमरतं.

पिशवी कापून काढा, फाडून नाही. रोपाची मान जमिनीच्या पातळीलाच ठेवा. उतारावर खालच्या बाजूला अर्धगोल मातीचा कट्टा घाला. हलक्या जमिनीत हुमणीची अळी मुळं खाते, म्हणून कच्चं शेण खड्ड्यात कधीच टाकू नका. हुमणी त्यावरच पोसते.

पहिली पाच वर्षं

खरं काम इथे आहे. लावणं एका सकाळचं असतं, राखण पाच वर्षांची.

पहिला शत्रू आग. आमच्याकडे राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची जुनी पद्धत आहे. तिला नावं ठेवून काही होत नाही, भाताच्या रोपाची सोय लोक पिढ्यान्‌पिढ्या तशीच करत आलेत. राबाची जागा शिसवापासून तीस-चाळीस पावलं दूर नेता येते आणि फांद्या शिसवाच्या न तोडता ऐनाच्या घेता येतात. हे शेजाऱ्यांशी बसून ठरवलं की लोक ऐकतात. डिसेंबरमध्ये प्रत्येक रोपाभोवती पाच फूट गोल गवत खरवडून काढायचं, आणि माळाकडून येणाऱ्या बाजूला सहा-आठ फूट रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी. आग बहुधा माळावरूनच येते.

दुसरा शत्रू गुरं आणि शेळ्या. कोवळी पानं त्यांना आवडतात. तारेच्या कुंपणाला खर्च फार येतो. बोरीच्या वाळक्या काटेरी फांद्या रोपाभोवती उभ्या रोवून वरून वेलीनं बांधल्या की दोन वर्षं पुरतात. होळीला काटे सरपणाला जातात, तेव्हा होळीच्या आठवड्यात एक फेरी हवीच.

तिसरं म्हणजे पाणी. जानेवारी ते मे, पहिले दोन उन्हाळे. मी बुडाला बारीक भोक पाडलेली, वात घातलेली मडकी रोपाशेजारी पुरते आणि दहा-बारा दिवसांनी भरते. वर वाळक्या गवताचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर.

मार्च-एप्रिलमध्ये शिसवाची पानं गळतात. लहान रोप कित्येकदा शेंड्याकडून वाळत जमिनीपर्यंत येतं. गेलं म्हणून लोक तिथे दुसरं रोप लावतात. थांबा. खोडाच्या बुडाशी नखानं साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. नाही दिसलं तरी आषाढापर्यंत वाट पाहा. माझं एक रोप लागोपाठ तीन उन्हाळे असं वाळलं आणि तिन्ही वेळा मुळातून फुटलं. चौथ्या वर्षी त्यानं एका पावसाळ्यात माझ्या खांद्याएवढी उंची घेतली. खाली मूळ तयार होत होतं, एवढंच.

छाटणीबाबत. शिसव स्वभावानं दुफाट्याचं आहे. दोन शेंडे दिसले की हिवाळ्यात कमजोर शेंडा काढून टाका, दुसऱ्याला बांबूचा आधार द्या. पहिली तीन वर्षं बाजूच्या फांद्या ठेवा, त्यांच्यानं खोड जाड होतं. मग खालून हळूहळू काढत जा, पण उंचीच्या वरच्या दोन तृतीयांशात पालवी राहिली पाहिजे. फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढली तर जखम लवकर भरते. मनगटाएवढी झाल्यावर कापली तर लाकडात कायमची गाठ राहते. लहानपणी थोडी सावली चालते, मात्र माथ्यावर ऊन हवं. वर करंज किंवा आंबा झुकत असेल तर त्याची एखादी फांदी उतरवा.

‘वीस वर्षांत लाखो रुपये’ अशी पत्रकं हल्ली गावोगाव फिरतात. त्यांवर विश्वास ठेवून कर्ज काढू नका. शिसवाची किंमत असते ती गाभ्याच्या काळ्या लाकडाला, आणि तो गाभा सावकाश भरतो. तरुण खोड कापलं तर आत बरंचसं सालीलगतचं पांढरंच लाकूड निघतं, त्याला वाळवीही खाते. हे झाड लावायचं ते नातवंडांसाठी. मधल्या काळात मिळते ती बांधाला धरून ठेवणारी मुळं आणि मातीला मिळणारं नत्र.

कागद

झाड लावलं त्याच वर्षी कागद करायचे. चाळीस वर्षांनी ‘हे झाड तुमचं कशावरून?’ असा प्रश्न येईल तेव्हा लावणारा माणूस असेलच असं नाही.

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करता येते. ती करा आणि पुढच्या सातबाऱ्यावर आली का ते पाहा. नसेल आली तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जमीन वनहद्दीला लागून असेल तर सरकारी मोजणीची प्रत जपून ठेवा. झाड हद्दीच्या आत की बाहेर यावरच पुढे वाद होतात.

तोडीसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ आणि वाहतुकीसाठी वनविभागाचा पास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोडीची परवानगी हातात आली म्हणजे लाकूड ट्रकमध्ये घालता येतं असं नाही. झाडाला हात लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन दोन्हींबद्दल विचारा. नाशिक महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा शहरी वृक्ष कायदा लागू आहे. तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या शेतातली झाडं व्यापाऱ्याला परस्पर विकता येत नाहीत, विक्री सरकारी यंत्रणेमार्फतच होते. शेतावर येऊन रोख रक्कम दाखवत कागदावर अंगठा मागणारा कुणी भेटला तर त्याला तिथूनच परत पाठवा. वनहक्काच्या पट्ट्यावरच्या झाडाबद्दल आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीत बोला.

लाकूड हवं असेल तर

नवं शिसव शोधत हिंडू नका. जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा चौकटी, पाट, पलंगाचे पाय बाहेर येतात आणि कित्येकदा सरपणाच्या भावात जातात. ओळखीच्या सुताराला सांगून ठेवा. वस्तू उलटी करून पॉलिश न लागलेली बाजू बघा. काळपट जांभळ्या रेघा लाकडात खोलवर असायला हव्यात. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर रंग कापसावर आला तर ते रंगवलेलं दुसरंच लाकूड. ‘पाण्यात बुडतं तेच खरं शिसव’ असं लोक सांगतात, ते बरोबर नाही. वाळलेलं शिसव जड असलं तरी तरंगतं. कानशीनं एका कोपऱ्यावर दोन-चार वेळा घासून भुसा हुंगा, जुन्यालाही थोडा गोड वास उरलेला असतो.

आमच्या वरच्या मेरेवरच्या फुटव्यांपैकी पाच आता झाडं आहेत. दर दसऱ्याला मी शिंप्याची टेप घेऊन जाते, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर मोजते आणि तारखेसह वहीत लिहिते. सोबत एक फोटो, मागे बांधाचा ओळखीचा दगड येईल असा. सातबाऱ्याच्या नोंदीला या वहीचा आधार होतो. सगळ्यात मोठ्या झाडाचा घेर नवव्या वर्षी २७ सेंटिमीटर भरला. शेजारचे बाबा आता थकलेत, वर चढत नाहीत. खाली खाचराशी बसून विचारतात, “किती झालं?” मी टेपवर बोट धरून त्यांना दाखवते.